मैनराडच्या वाटणीची खरवड

माझ्या थोरल्या भावानं, मैनराडनं, उभ्या आयुष्यात फॉन्ड्यूबरोबर पाण्याचा घोट घेतला नव्हता. आमच्याकडे कुणीच घेत नाही म्हणा. वितळलेलं चीज पोटात गेलं आणि वरून गार पाणी पडलं की त्याचा गोळा होतो आणि तो गोळा माणसाला आडवा करतो, हे आम्हाला बोलायला यायच्या आधीपासून माहीत असतं. वर पांढरी वाईन घ्यायची, नाहीतर कोरा चहा. मैनराड तर याबाबतीत पाद्र्यापेक्षा कडक. त्याच्या जावयानं एकदा फॉन्ड्यूबरोबर बर्फ घातलेला कोला मागितला होता, तर वर्षभर त्या बिचाऱ्याला टोमणे खावे लागले.

पोस्टाची पिवळी प्रवासी बस चालवून चालवून मैनराड निवृत्त झाला, तेव्हापासून आम्हा तिघांचा एक नेम होता. तो, बुर्गी वहिनी आणि एकटी राहणारी मी. दर शरदात एका नव्या भागात जायचं, आणि तिथलं जे काय असेल ते तिथल्याच खानावळीत बसून खायचं. बर्नला मांसाचं ढीगभर ताट खाल्लं. दक्षिणेला तांब्याच्या हंड्यात ढवळलेला मक्याचा सांजा खाल्ला. बासेलला भाजलेल्या पिठाचं सूप पुढ्यात आलं, तेव्हा वहिनी म्हणाली, "ही खळ कपड्यांना लावायची की प्यायची?" मैनराड हसून हसून खोकायला लागला. या वेळी फ्रीबूर्गची पाळी होती. तिथल्या दोन चीजांच्या फॉन्ड्यूबद्दल तो महिनाभर बोलत होता.

आगगाडीत वहिनीनं घरून बांधून आणलेलं वाळवलेलं सॉसेज काढलं आणि सुरीनं चकत्या केल्या. मैनराडनं चार खाल्ल्या. "खारट झालंय गं," म्हणाला.

"मग नको खाऊस," वहिनी म्हणाली आणि तरी आणखी एक त्याच्या हातात ठेवली.

स्टेशनपासून खानावळ चढावर होती. मैनराड दोनदा थांबला. "गाई बघतोय," म्हणाला.

"बघ बघ," मी म्हटलं. "आपल्याकडे कुठं असतात गाई! जन्मभर बसून गाडी हाकली, आता पाय कुठून आणशील?"

एरवी त्यानं मला उलट सुनावलं असतं. त्या दिवशी तो नुसता हसला.

खानावळीचा मालक ग्रासियाँ म्हणून एक धिप्पाड माणूस. खांद्यावर पंचा, बोलणं त्या भागातलं फ्रेंच, पण आमची भाषा मोडकीतोडकी येत होती. खिडकीपाशी गावातल्या म्हाताऱ्यांचं ठरलेलं टेबल. आम्ही देशाच्या पूर्वेकडचे म्हटल्यावर तिकडे खसखस पिकली.

"तुमच्याकडे चीजमध्ये पीठ घालतात म्हणे?" त्यातला एक म्हणाला.

"घालतो की," मैनराड म्हणाला. "पण पैसे चीजचेच घेतो."

म्हातारे खूश झाले. वितळलेल्या चीजचं मातीचं भांडं आलं, खाली चूल पेटली, काट्याला टोचून बुडवायला पावाचे तुकडे आले. पहिला घास घेऊन मैनराडनं डोळे मिटले आणि काहीच बोलला नाही. त्याच्या तोंडून याहून मोठी स्तुती मी कधी ऐकलेली नाही.

पाचसहा घास झाले असतील. मैनराडचा पाव काट्यावरून सुटला आणि भांड्यात बुडाला. पुरुषाचा पाव बुडाला की त्यानं सगळ्यांना वाईन पाजायची, हा नियमच आहे. खिडकीतल्या म्हाताऱ्यांनी टेबल बडवलं. वहिनीनं टाळ्या वाजवल्या. त्याचा काटा हलत होता, भांड्याच्या काठावर बारीक टकटक करत होता, तेही मी पाहिलं. मला वाटलं, मुद्दाम करतोय.

मग त्यानं गळ्याजवळचं बटण सोडलं, कपाळ पुसलं आणि म्हणाला, "मालक, पाणी द्या. गार."

ग्रासियाँ कमरेवर हात ठेवून उभा राहिला. "पाणी? पाय धुवायचेत?"

असा हशा उठला म्हणता! मीही हसले. वहिनी मात्र लाजेनं लाल झाली. "मैनराड, डोकं फिरलंय का तुझं? चार लोकांत शोभा करतोस!"

"द्या हो," तो म्हणाला. आवाज लहान मुलासारखा आला. पाणी आल्यावर अख्खा पेला एका दमात संपवला. आम्ही सगळे त्याच्या तोंडाकडे बघत बसलो, जणू त्यानं विषच घेतलं.

आणि थोड्याच वेळात त्यानं हात छातीच्या खाली दाबून धरला. "इथं आवळतंय गं बुर्गी."

"बसला गोळा!" ग्रासियाँ म्हणाला. खरं सांगते, त्याच्या आवाजात आनंद होता. आपलं म्हणणं डोळ्यांदेखत खरं ठरलं की माणसाला होतो तसा. खिडकीतले म्हातारे माना डोलवायला लागले. एकानं स्वतःच्या काकाची गोष्ट सुरू केली, तोही असाच पाणी प्यायला होता. ग्रासियाँनं किर्शची बाटली आणली. चेरीची ती दारू चीज जाळते म्हणतात. मैनराडनं एक घेतली, दुसरी घेतली. चेहरा पिठासारखा पांढरा पडला होता.

"डॉक्टरला बोलावू या का?" मी विचारलं.

"चीज अंगावर आलं म्हणून डॉक्टर?" माझ्या भावानंच मला झाडलं. "उद्या ढेकर आला की रुग्णवाहिका बोलावशील. गप बस."

मी गप बसले. रागही आला होता. बोलायला जावं तर हा माणूस असा.

ग्रासियाँनं त्याला मागच्या खोलीत लाकडी बाकावर निजवलं. चेरीच्या बियांची पिशवी तव्यावर गरम करून पोटावर ठेवली, आमची आईही हेच करायची. "पडू द्या त्याला," ग्रासियाँ म्हणाला. "गोळा विरघळेल आपोआप. तुम्ही चला, चीज वाया घालवू नका."

वहिनीला उठायचं नव्हतं. पण मैनराडच म्हणाला, "जा गं. माझी खरवड तेवढी ठेव."

भांड्याच्या तळाशी शेवटी चीजची करकरीत पोळी धरते, तिच्यासाठी आमच्या घरात भांडणं व्हायची. टेबलावर जितकी माणसं तितके तिचे वाटे करायचे, आणि मैनराड नेहमी स्वतःचा वाटा खाऊन वहिनीच्या ताटलीत काटा घालायचा. आम्ही दोघी परत जाऊन बसलो. खाल्लंही. तोंडाला चव नव्हती असं म्हणायला मला आवडलं असतं, पण चीज खरंच चांगलं होतं. ग्रासियाँनं सुरीनं ती खरवड सोडवली, सोनेरी, अख्खीच्या अख्खी. वहिनीनं तिचे तीन भाग केले. सगळ्यांत मोठा ताटलीत घेतला आणि मागच्या खोलीत गेली.

ताटली पडल्याचा आवाज आला नाही, किंकाळी आली नाही. ती नुसती परत आली नाही.

मी गेले. वहिनी बाकाच्या कडेला बसली होती, ताटली मांडीवर. एका हातानं ती बियांची पिशवी त्याच्या पोटावर फिरवत होती. "थंड पडलीय गं," मला म्हणाली. "ग्रासियाँला सांग, पुन्हा गरम करून दे."

मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. पिशवी गरम करण्यात काही अर्थ उरला नव्हता.

शेजारच्या गावातून डॉक्टरीण आली. तरुण पोर, पायात चिखलाचे बूट. तपासून झाल्यावर तिनं मला अंगणात नेलं.

"हृदय," म्हणाली. "चढ चढतानाच सुरू झालं असणार."

"पण तो पाणी प्यायला होता," मी म्हटलं. "फॉन्ड्यूवर गार पाणी."

"पाण्यानं काही होत नाही हो, बाई. घाम फुटला, जीव कासावीस झाला, म्हणून त्यानं पाणी मागितलं." मग तिनं समोरच्या कुरणाकडे बोट दाखवलं. "हेलिकॉप्टर तिथं उतरतं. फोन केला असता तर त्याला संधी होती." हे मला सांगायची काही गरज होती का? थोबाडीत द्यावीशी वाटली मला तिच्या.

पाणी प्यायल्यानं दुखलं नव्हतं. दुखत होतं म्हणून त्यानं पाणी मागितलं. साठ वर्षं ज्यानं फॉन्ड्यूबरोबर पाण्याला शिवलं नाही, तो माणूस भर खानावळीत पाणी मागतो, तेव्हाच आमच्या काळजात धस्स व्हायला हवं होतं. आम्ही खी खी हसलो.

वहिनीला यातलं काही मी सांगितलं नाही. घरी परतल्यावर ती येणाऱ्या प्रत्येकाला एकच सांगायची: पाणी प्यायला हो, ऐकलं नाही, गोळा झाला. लोकही माना डोलवायचे. आमच्या गावात हे ऐकून कुणालाच नवल वाटलं नाही.

दफन झाल्यावर गावच्या खानावळीत रिवाजाप्रमाणे सगळे जेवायला बसले. थंड मांस, बटाट्याचं सॅलड, चीज. वहिनी काळ्या पोशाखात टेबलाटेबलावरून फिरत होती आणि पाण्याचे जग उचलत होती. नातवाच्या हातातला पेलासुद्धा तिनं काढून घेतला. पोर रडायला लागलं. जावई काही बोलणार होता, मी त्याला डोळ्यांनी दटावलं.

सगळे जग एका कोपऱ्यात ठेवून ती माझ्याजवळ येऊन बसली. टेबलावरच्या कापडाची किनार चाचपत राहिली.

"एक विचारू?" ती म्हणाली. "सगळ्या जन्मात त्यानं चीजवर कधी पाणी मागितलं नाही. मग त्याच दिवशी का मागितलं गं?"

हा प्रश्न येणार हे मला ठाऊक होतं, आणि खरं उत्तर एकच होतं: तो मरायला लागला होता, आणि आपण त्याला तिथं ठेवून जेवायला गेलो. ती माझ्याकडे बघत होती. रात्ररात्र जागून डोळे सुजलेले. नाही झाली माझी हिंमत. जे पहिलं सुचलं ते बोलून गेले.

"तहान लागली असेल, वहिनी. गाडीत ते सॉसेज खाल्लं होतं ना. खारट होतं, तोच म्हणाला होता."

तिचा हात कापडावर थांबला. आणि मी काय करून बसले ते मला तेव्हा कळलं.

"चार खाल्ल्या होत्या त्यानं," ती हळू म्हणाली. "पाचवी मीच हातात ठेवली."

"वहिनी, तसं नाही गं—"

"खारट आहे म्हणाला होता. तरी मीच दिली." ती उठली, कोपऱ्यातला एक जग उचलून आणला आणि नातवापुढे ठेवला. "पी बाळा," म्हणाली. "पाण्याचा काही दोष नाही."