ऑस्मो मास्तरांचा काळा स्वेटर

आमच्या फोटो क्लबात एक काळा स्वेटर होता. होता म्हणजे आता नाही. तो का नाही, हे कॅनडातल्या आमच्या थंडर बे गावात ज्याला त्याला वेगळं माहीत आहे, आणि सगळे चुकीचं सांगतात. कात्री माझ्या हातात होती, तेव्हा मी सांगतो ते ऐका.

स्वेटर ऑस्मो मास्तरांचा. मास्तर जन्मभर शाळेत भूगोल शिकवून रिटायर झाले आणि मग आम्हाला फोटो शिकवायला लागले, कारण कुणाला तरी शिकवल्याशिवाय त्यांना जेवण पचत नाही. क्लबात दरवर्षी पहिल्या बक्षिसाची फीत त्यांचीच. तळ्यावर धुकं, धुक्यात एक पक्षी, खाली पाण्यात पक्ष्याची सावली. झालं. मग आम्हीही तेच काढायचो. एका पक्ष्यामागे सात-आठ कॅमेरे. पक्षी वैतागून अमेरिकेत निघून गेले. मी खाटीक माणूस, जन्म गेला गाई-डुकरं कापण्यात, मला धुक्यातलं काय कळतंय? पण मास्तर म्हणायचे ‘धुकं’, की मी म्हणायचो ‘किती?’

हेल्वी माझी शेजारीण. शाळेची बस चालवायची. अर्धं गाव तिच्या बसमधून शाळेत गेलंय, आणि त्या अर्ध्या गावाने तिच्या तोंडच्या फिनिश शिव्या शाळेतल्या कवितांआधी पाठ केल्यात. नवरा गेल्यावर घरात बसून भिंतींशी भांडायला लागली, म्हणून मीच तिला क्लबात ओढून नेलं. बाई मेहनती. मास्तर सांगतील ते सगळं करायची. पहाटे उठून धुक्यात जायची, मांडीपर्यंत चिखलात उभी राहायची.

आता आमच्याकडची पद्धत अशी, की परीक्षक नेहमी बाहेरगावचा. पडद्यावर फोटो दाखवायचा, कुणाचा ते सांगायचं नाही. परीक्षक काय वाटेल ते बोलेल, पण ज्याचा फोटो आहे त्याने तोंड उघडायचं नाही. उघडलं की फोटो बाद. तर इतक्या वर्षांत जेवढे परीक्षक आले, कोण टोरंटोचा, कोण विनिपेगचा, एकमेकांची तोंडं न पाहिलेले, ते सगळे हेल्वीच्या फोटोपुढे थांबून एकच शब्द बोलायचे. “स्वच्छ आहे.” आणि पुढचा फोटो.

“स्वच्छ!” परत येताना माझ्या गाडीत ती ओरडायची. “उर्हो, स्वच्छ तर संडासपण असतो रे!”

मागच्या हिवाळ्यात तिने शेवटचं सांगून टाकलं. “या खेपेला कुणी स्वच्छ म्हणालं ना, तर कॅमेरा तळ्यात. बर्फाला भोक पाडायला तू यायचंस.”

“येतो की,” मी म्हणालो. “भोक पडलंच आहे म्हटल्यावर गळही टाकू.”

हसली नाही. तेव्हा मला कळलं की ही खरंच टाकणार. आणि कॅमेरा टाकून परत भिंतींशी भांडायला बसणार.

त्या खेपेचा विषय होता स्वतःचाच फोटो. ज्याने त्याने आपला आपण काढायचा. आता यात शिकवण्यासारखं काय आहे? तोंड तुमचं, कॅमेरा तुमचा. पण मास्तर फळ्यापाशी उभे राहिलेच.

“उजेड एका बाजूने. अर्धा चेहरा अंधारात. हनुवटी मुठीवर. अंगात काळा, उंच गळ्याचा स्वेटर. मागे काही नको. माणसाचा आत्मा दिसला पाहिजे.”

“मास्तर,” मागून डॅरल म्हणाला. हा हॉकीच्या मैदानावर बर्फ गुळगुळीत करायचं यंत्र चालवतो. “माझ्याकडे आत्मा आहे, काळा स्वेटर नाहीये.”

“माझा घेऊन जा,” मास्तर म्हणाले.

बस, तिथून तो स्वेटर गावभर फिरायला लागला. डॅरलने घातला. मी घातला. माझ्या फोटोत मी दाढदुखीने दवाखान्यात बसल्यासारखा दिसत होतो, पण अर्धं तोंड अंधारात होतं, म्हणजे दाढ अर्धीच दुखत होती. मग दर दोन-तीन दिवसांनी स्वेटर पुढच्या घरी. एकदा डॅरल तो परत मागून घेऊन गेला आणि तो अंगात घालूनच मासे मारून आला. तो वास घेऊन स्वेटर कार्मेलाकडे पोचला. कार्मेला आमची चिटणीस, नीटनेटकी इटालियन बाई. तिने तो उकळत्या पाण्यात धुतला. शुद्ध लोकर, उकळतं पाणी! बाहेर निघाला तेव्हा तो तिसरीतल्या पोराला बसला असता. कार्मेला स्वतः चिमणीएवढी, तिने कसातरी घुसून फोटो काढला आणि काही न बोलता घडी करून तो हेल्वीच्या दारात ठेवला.

हेल्वी काही चिमणीएवढी नाही.

मी मागच्या दारातला बर्फ उपसत होतो. दुपारची वेळ. हेल्वीच्या स्वयंपाकघरात आधी कुत्रं भुंकलं, मग खुर्ची पडली, मग उशीत तोंड खुपसून कुणी शिव्या द्याव्यात तशा शिव्या ऐकू यायला लागल्या. मी फावडं टाकून आत पळालो.

काय सांगू. मधोमध हेल्वी उभी. दोन्ही हात सरळ वर. डोकं, मान, सगळं स्वेटरात गडप. खाली तिची गरम बनियन छातीपर्यंत सरकलेली, पोटावर पित्ताशयाच्या ऑपरेशनचा जुना व्रण. कुत्रं स्वेटरचं टोक दातात धरून मागे मागे ओढतंय. शेगडीवर बीफचा मोयाक्का, आमचा फिनिश रस्सा, उतू चाललाय. आणि समोर तिवईवर कॅमेरा, थांबून थांबून आपला आपण फोटो काढतोय, खट्... खट्... त्याला तसं लावूनच ठेवलेलं. त्याला काय, समोर आत्मा आहे की बनियन.

“कोण आहे?” स्वेटर म्हणाला.

“मी उर्हो.”

“मेल्या, बघत काय बसलायस! ओढ!”

ओढलं. कुत्र्याला वाटलं खेळ आहे, त्याने उलटं ओढलं. हेल्वी मधे, लाटेवरच्या होडीसारखी.

“कापू का?” मी विचारलं.

आतली धडपड थांबली. मास्तरांचा स्वेटर होता तो. त्यांच्या बायकोने विणलेला.

“श्वास येत नाहीये! काप! मास्तर गेला खड्ड्यात!”

कापणं हा माझा धंदाच. पोटाकडून मानेपर्यंत एका दमात नेली कात्री. आतून हेल्वी बाहेर आली, तोंड लालबुंद, केस उभे, तोंडात लोकर. शेगडी बंद केली, खुर्चीत बसली, कॅमेरा मांडीवर घेऊन काय निघालंय ते बघायला लागली. आधी इतकी हसली की कुत्रं घाबरून टेबलाखाली गेलं. मग एका फोटोवर थांबली. मी यायच्या आधीचा होता तो. हात वर, डोकं गायब, पोट, व्रण, कुत्रं, उतू जाणारं पातेलं, मागे दोरीवर वाळत घातलेले मोजे.

“उर्हो, हा निघाला तेव्हा मी काय विचार करत होते माहितीये?”

“काय?”

“श्वास कसा घ्यायचा, एवढाच. एरवी कॅमेरा डोळ्याला लावला की मास्तर काय म्हणतील, परीक्षक काय म्हणेल, हेच डोक्यात. आज डोकंच स्वेटरात होतं.” मग म्हणाली, “हाच देते.”

“हा? अख्ख्या गावासमोर? पोट दिसतंय तुझं.”

“माझंच आहे ना? उसनं तर नाही आणलंय?”

दुसऱ्या दिवशी मास्तर स्वेटर न्यायला आले. मी मुद्दाम कॉफी प्यायला जाऊन बसलो होतो, अशी गंमत कोण सोडेल. हेल्वीने खरं ते सांगितलं, माफी मागितली, आणि तुकडे टेबलावर ठेवले. मास्तरांनी एक बाही उचलली, खाली ठेवली. त्यांचं मला वाईट वाटलं, खोटं का सांगू. मग त्यांची नजर टेबलावरच्या त्या फोटोवर गेली आणि त्यांच्यातला मास्तर जागा झाला.

“हेल्वी, हे देऊ नकोस. हा फोटो नव्हे, हा अपघात आहे. तू ठरवून काय केलंस यात?”

हेल्वी कप फिरवत बसली. तिचा चेहरा पडला, आणि मला ते तळ्यातलं भोक दिसायला लागलं. मग मीच तोंड घातलं.

“मास्तर, गाय काय मी बनवतो का? ती आपली आपण येते, चार पाय घेऊन. कुठला तुकडा काढायचा आणि कुठला कुत्र्याला टाकायचा, ते खाटकाचं काम.”

“गाईचा काय संबंध?” मास्तर म्हणाले.

पण हेल्वीने मान वर केली. “ढीगभर निघालेत, मास्तर. एकातही मी धड नाही. त्यातून हा मी निवडलाय. तुम्हाला न विचारता.”

मास्तरांनी टोपी घातली. “परीक्षक सोलून काढतील तुला,” म्हणाले आणि गेले. बाह्या टेबलावरच राहिल्या.

निकालाची संध्याकाळ. चर्चचं तळघर, कॉफी, पुल्ला म्हणजे आमचा वेलचीचा गोड पाव, क्लबाचे लोक आणि फुकटची कॉफी प्यायला आलेलं उरलेलं गाव. परीक्षक या वेळी डुलूथच्या प्रेंटिसबाई. बुटक्या, दोरीला बांधलेला चष्मा, चालताना काठी. हेल्वी माझ्या शेजारी.

पहिला फोटो. काळा स्वेटर, मुठीवर हनुवटी. “उजेड छान आहे,” बाई म्हणाल्या. दुसरा. काळा स्वेटर, मुठीवर हनुवटी. “गंभीर आहे.” तिसरा, चौथा. पाचव्याला बाईंनी चष्मा पुसला. सहाव्याला वळून आमच्याकडे बघितलं.

“माफ करा हं, ही सगळी भावंडं आहेत का?”

बोलायचं नाही ना. सगळे पुल्ला चघळत बसले.

माझा आला. “या गृहस्थांना कुणीतरी दवाखान्यात न्या,” बाई म्हणाल्या. मी जीभ चावली. मग मास्तरांचा आला. मूळ स्वेटर, मूळ मूठ, धुण्याआधीचा, सगळ्यात सुंदर उजेड. बाई म्हणाल्या, “हा दाखवलात की मघाशी. पुढचा घ्या.”

मास्तरांचा चेहरा मी बघितला नाही. खाटकालाही काळीज असतं.

शेवटी हेल्वीचा आला. तळघरात कुणाचा तरी चमचा पडला. बाई काठी टेकत पडद्याजवळ गेल्या.

“चेहरा नाही,” त्या म्हणाल्या. “मागे मोजे लटकतायत. कुत्र्याचं ढुंगण पुढे आलंय. पातेलं उतू जातंय. बनियनला भोक आहे.” थांबल्या. “यात स्वच्छ असं काहीच नाही.”

हेल्वीने माझा गुडघा पकडला. उजव्या हाताने. त्याचा काळानिळा डाग पुढे आठवडाभर होता.

तेवढ्यात मागून डॅरल ओरडला, “अरे, हा हेल्वीबाईंचा हात!”

“खरंच की!” कुणीतरी म्हणालं. “उजवा बघा, डाव्याच्या दीडपट आहे. बसच्या दाराचा दांडा ओढून ओढून.”

“मी आठ वर्षं त्या हाताखालून चढलोय,” डॅरल म्हणाला. “एकदा कानाखालीपण आलाय तो.”

सगळं तळघर हसायला लागलं, पण बाई हसल्या नाहीत. “चेहरा नसताना ओळखलंत?” त्यांनी विचारलं. “मग आधीचे सांगा. तिसरा कोण होता?”

“मी,” डॅरल म्हणाला.

“तिसरी मी होते,” कार्मेला म्हणाली.

“तू पाचवी! तू म्हणतेस त्यात मी होतो!”

चांगली जुंपली. स्वतःचे फोटो स्वतःला ओळखू येईनात. बाईंनी काठी आपटली.

“आजच्यातला कुणी उद्या मला रस्त्यात भेटला तर मी ओळखणार नाही,” त्या म्हणाल्या. “हिचं तोंड मी पाहिलेलं नाही, पण हिच्या घरी मी जेवायला जाईन. पहिली फीत...”

“बाई,” हेल्वी उभी राहिली. “मघाशी ते काय म्हणालात? स्वच्छचं? एकदा परत म्हणता का?”

“काय, यात स्वच्छ काहीच नाही, ते?”

“आयला!” हेल्वी म्हणाली आणि धपकन खाली बसली. डोळे पुसत होती की हसत होती, मला कळलं नाही.

“बाद!” पलीकडून मास्तर ओरडले. मुद्दाम नाही हो. सवयीने. तोंडातून निघून गेल्यावर त्यांनी स्वतःच तोंडावर हात ठेवला. पण नियम तो नियम. फोटो बाद झाला.

फीत कुणाला मिळाली म्हणता? मला. दाढदुखीला. बाई म्हणाल्या, या माणसाला निदान काहीतरी होतंय.

पुढच्या रविवारी आम्ही तळ्यावर गेलो. भोक पाडायचं ठरलंच होतं, मग मासेच धरायचे. हेल्वीचा कॅमेरा स्वेटरच्या बाहीत गुंडाळलेला, गारठ्यात बॅटरी टिकते म्हणून. दुसऱ्या बाहीत कॉफीची बाटली. बसल्या बसल्या तिने स्वतःच्या बुटांचा, नाकाच्या शेंड्याचा, कशाकशाचा फोटो काढला. एकही स्वच्छ नव्हता.

दुपारी बर्फावरून एक माणूस चालत येताना दिसला. लाल चौकड्याचं जाकीट, गळ्यात कॅमेरा. जवळ आल्यावर कळलं, मास्तर. काळ्या कपड्यांशिवाय त्यांना आम्ही कधी बघितलंच नव्हतं. आले, उभे राहिले, घसा खाकरला. माशांची चौकशी केली. मग हळूच म्हणाले,

“हेल्वी, तसं... कसं काढायचं?”

हेल्वीने गळ हलवला. “मला काय माहीत, मास्तर? आधी कशात तरी अडका.”

मास्तर विचारात पडले. विचार करताना त्यांना वर्गात फेऱ्या मारायची सवय. दोन पावलं मागे गेले आणि तिसरं थेट मी बर्फात पाडलेल्या भोकात. गुडघ्यापर्यंत पाय आत, बूट खाली अडकलेला, आणि तोंडातून अशी एक शिवी, की ती भूगोलाच्या पुस्तकात नक्कीच नव्हती.

मी धावलो. हेल्वीने मला कोपराने अडवलं, त्याच उजव्या हाताने. मास्तरांच्या गळ्यातला कॅमेरा सरळ केला आणि त्यांच्या हातात दिला.

“हां,” ती म्हणाली. “आता काढा.”