माणसाच्या मापाचा हार

"केस नंबर?"

"नाही जी."

"साल?"

"आमची प्रतीक्षा झाली ते साल."

नक्कल विभागाच्या खिडकीआडून सूर्यभान बाबूंनी चष्म्यावरून पाहिलं. समोर फुलांच्या ओल्या वासाची एक बाई, हातात कापडी पिशवी, कपाळावर बारकी टिकली.

"प्रतीक्षा कोण?"

"माह्या भावाची पोरगी. आता तिलेच पोरगी झाली. खुशी नाव ठेवलं."

"चांगलं ठेवलं. पण बाई, कोर्टात कागद असा सापडत नाही."

"मंग कसा सापडते?"

"नंबरावरून."

"अन् नंबर कशावरून सापडते?"

"कागदावरून."

माणिकबाईला बरं वाटलं. दोन्ही वस्तू एकाच घरात आहेत म्हणजे आज ना उद्या गाठ पडेल, असा तिनं हिशेब केला आणि ती बाकावर जाऊन बसली. सूर्यभान बाबूंचा अनुभव असा होता, की हे ऐकल्यावर माणसं एकतर ओरडतात किंवा निघून जातात. बसून राहणाऱ्या माणसाचं काय करायचं, हे त्यांना खात्यानं शिकवलं नव्हतं. जेवणाच्या सुट्टीनंतर त्यांनी तिला परत बोलावलं, अर्ज लिहून घेतला, कोर्टफीचं तिकीट लावून घेतलं आणि म्हणाले, "नवऱ्याचं नाव सांगा. त्या सालची अन् त्याच्या पुढची-मागची रजिस्टरं पाहतो. सोमवारी या. वकील कोण होता?"

"वारले ते."

"नवरा?"

"थोही वारला."

"मग घटस्फोटाची नक्कल आता काय करता?"

हा प्रश्न राजापेठेतल्या नितेशला विचारायला हवा होता. नितेश म्हणजे तिच्या फुलांच्या दुकानाशेजारचा ऑनलाइन अर्ज भरून देणारा. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून माणिकबाईला पहाटे फूलबाजारात जाणं जमेना, तेव्हा त्यानंच निराधार योजनेचं काढलं होतं. "मावशी, तुमी घटस्फोटित आहा ना? मंग बसते तुमचं. फक्त कोर्टाची ऑर्डर जोडा लागते." एवढी वर्षं ती एकटी राहत होती, पण निराधार आहे हे सिद्ध करायला कागदाचा आधार लागतो, हे तिला नव्यानंच कळलं.

नवऱ्याच्या, सहदेवच्या मरणाची बातमी दोन वर्षांपूर्वी आली, तेव्हा ती दुकानावरच होती. भाऊ चंदन सायकल टेकवून म्हणाला, "अकोल्याहून फोन होता. सहदेवराव गेले." समोर गिऱ्हाईक उभं होतं, हार पाहिजे म्हणत होतं. माणिकबाईनं त्याला नेहमीचा प्रश्न विचारला, "फोटोले पाहिजे का माणसाले?" हाराची मापं तिच्या लेखी दोनच. फोटोचा हार आखूड, माणसाचा छातीपर्यंत. गिऱ्हाईक म्हणालं, फोटोला. तिनं हार मोजून दिला, मग चंदनला म्हणाली, "आता आपला काय संबंध?" चंदनही म्हणाला, "तेच म्हटलं, आपला काय संबंध." आणि सायकल घेऊन गेला. संध्याकाळपर्यंत तिनं आणखी बरेच हार ओवले. त्यातला एकही अकोल्याला गेला नाही.

सोमवारी सूर्यभान बाबूंनी तिला खिडकीपाशी नाही, आतच बोलावलं. खुर्ची दिली. सरकारी कचेरीत खुर्ची मिळाली की समजावं, बातमी काही चांगली नाही.

"सापडलं," ते म्हणाले. "पण तुम्ही म्हणता ते नाही सापडलं."

"म्हंजे?"

"दोघांनी मिळून अर्ज केला होता. पहिल्या तारखेला दोघांच्या सह्या आहेत. न्यायाधीशांनी सहा महिने विचाराला दिले. बरोबर?"

"व्हय. म्हणे पुन्हा दोघंही या."

"त्या पुढच्या तारखेचा हुकूम वाचतो. 'अर्जदार क्रमांक एक व दोन पुकारूनही गैरहजर. वकील गैरहजर. सबब अर्ज काढून टाकण्यात येत आहे.'" त्यांनी चष्मा काढला. "बाई, तुमचा घटस्फोट झालेलाच नाही."

माणिकबाईनं तो कागद आपल्यासमोर ओढला. तिला वाचता येत होतं, पण ती वाचत नव्हती.

"मी नव्हती गेली, ते खरं हाय," ती म्हणाली. "पण ते तं आले असतीन."

"नाही आले. दोघंही गैरहजर."

"काहून नाही आले, ते लिहिलं असन ना कुठी?"

"कोर्ट तेवढं विचारत नाही. हजर का गैरहजर, इतकंच लिहितं."

ती का गेली नव्हती, तेही कुठं लिहिलेलं नव्हतं. त्या दिवशी चंदन तिला न्यायला दुकानावर आला होता. तिच्या मांडीवर नवरा-नवरीचे हार अर्धे होते. ती म्हणाली, "लग्नाचे हार अर्धे टाकून काडीमोडाले जाऊ? चांगलं दिसते का?" चंदनला ते पटलं, कारण तिच्याशी वाद घालण्यापेक्षा पटवून घेणं सोपं होतं.

खरी गोष्ट तिनं चंदनला सांगितली नव्हती. सहदेव अकोल्याच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर. दिवसभर यंत्रांच्या धडधडाटात राहिलेला माणूस घरी आला की मुका. मूल नाही म्हणून सासू बोलायची, तो गप्प. माणिकबाई रडायची, तो गप्प. 'मी जातो माहेरी' म्हणाली, तरी गप्प. भांडला असता तर तिनं दोन शब्द ऐकवले असते आणि भाकरी थापायला घेतली असती. पण भांडायलाही समोर कोणी लागतं. सही करतानाही तो काही बोलला नाही, पेन मात्र पुसून परत दिला.

म्हणून तारखेच्या दिवशी तिनं ठरवलं होतं, आपण जायचंच नाही. तो कोर्टात येईल, आपण दिसणार नाही. कोर्टापासून राजापेठ काही लांब नाही. तो शोधत दुकानावर येईल, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला तोंड उघडून विचारावं लागेल, काहून नाही आली? त्यानं एवढं विचारलं असतं तर ती पिशवी उचलून अकोल्याच्या गाडीत बसली असती. रस्त्यावरचे दिवे लागेपर्यंत ती वाट पाहत होती. नवरा-नवरीचे हार कधीचेच गिऱ्हाइकानं नेले होते. तो आला नाही. मग ती धरून चालली, की त्यानं सही केली, मोकळा झाला, गेला परत. आणि कोर्टानंही एका सहीवर भागवून घेतलं असणार, जसं पोस्टमन घरात असेल त्याच्या सहीवर भागवतो.

"म्हंजे मी त्याइची बायको होती," ती म्हणाली. "सारे दिवस."

"कायद्यानं, हो."

"अन् आता?"

सूर्यभान बाबूंनी आयुष्यभर कागदावरचे असले शब्द खणखणीत आवाजात वाचले होते. हा शब्द त्यांना हळू म्हणावा लागला.

"आता विधवा."

नितेशला मात्र आनंद झाला. "मावशी, हे तं अजून सोपं! विधवाचं लवकर मंजूर होते. काकांचा मृत्यू दाखला आणा अकोल्याहून. अन् फोटो दुसरा काढा लागन. टिकली काढून."

"टिकली तं मी गिऱ्हाइकासाठी लावतो रे. कोऱ्या कपाळाच्या हातचा लग्नाचा हार कोण घेते?"

"ते मले समजते. सायेबाले समजन का?"

"अकोल्याहून आल्यावर काढतो," ती म्हणाली.

जायच्या दिवशी सकाळी तिनं शेवंतीचा हार ओवला. ओल्या फडक्यात गुंडाळून पिशवीत ठेवला, त्याच्या बाजूला नक्कल. एसटीत चढताना कंडक्टरनं हात दिला, तरी गुडघे बोललेच. वाटेत मूर्तिजापूरला कोणीतरी म्हणालं, "मावशी, मस्त वास येऊन राहिला. लगन हाय का कुठी?" ती म्हणाली, "असंच."

जुन्या शहरातल्या त्या दोन खोल्यांत आता सहदेवचा पुतण्या धर्मेंद्र राहत होता. तिनं त्याला पाहिलं होतं तेव्हा तो चड्डीत होता. आता त्याच्या मिशीत पांढरे केस होते. त्यानं पाया पडून खाट झटकली, पण पिशवीतून कोर्टाचा शिक्का डोकावताच त्याचा चेहरा उतरला. कोर्टाचा कागद घेऊन येणारी काकू पाहुणी नसते, एवढं तो जाणून होता.

"काकू, खोलीचं काही म्हणत असान तं काकाईनं मले तोंडी सांगतलं होतं..."

"खोली घेऊन मी का डोक्यावर ठेवू, बाबू? मले तुह्या काकाचा दाखला पाहिजे. मेल्याचा."

धर्मेंद्रचा जीव भांड्यात पडला. त्यानं एकदम आत बायकोला दूध जास्त घालून चहा करायला सांगितलं आणि पेटीत दाखला शोधू लागला. तेवढ्यात दारात काठी वाजली. शेजारची गोदाबाई, वाकून अर्धी झालेली, उंबऱ्याला धरून उभी.

"कोण व्हय वं? माणिक का?"

"व्हय, गोदामाय."

"आली का माहेराहून?" म्हातारी आत येऊन खाली बसली. "लय दिवस लावले वं बाई."

माणिकबाईला वाटलं, म्हातारी चळली आहे. पण गोदाबाईचे डोळे स्वच्छ होते, आणि त्यांत राग होता.

"मी इचारो ना सहदेवले. बायको कुठी हाय रे? थो म्हणे, माहेरी गेली. पह्यले म्हणे भावाले पोरगी झाली, तिच्याजवळ कोणी पाहिजे. मंग म्हणे पोरगी शाळेत घातली, तिले आणा-न्याले कोणी नाही. मंग दहावी. मंग म्हणे तिचं लगन हाय, झालं का येते. त्या पोट्टीचं सारं आयुष्य झालं बाप्पा, तुह्यं माहेर काही सरेना! मेला त्या साली इचारलं, तं म्हणे गुडघे दुखते तिचे, एसटीत चढता येत नाही."

माणिकबाईचा हात आपोआप गुडघ्यावर गेला. गुडघे दुखतच होते. पण ते त्याला कोणी सांगितलं नव्हतं. त्यानं आपल्या मनानंच तिला म्हातारी केलं होतं.

ज्या माणसाला घरात चार शब्द सुचत नव्हते, तो अंगणात बसून दरसाल एक नवं कारण रचत होता. ते ऐकायला ती तेवढी नव्हती.

"थो गेला तरी तू नाही आली," गोदाबाई म्हणाली. "मले लय राग आला तुहा. म्हटलं, असं कसं व्हय माहेर!"

पिशवीत नक्कल होती. तीत याचं उत्तर होतं, शिक्क्यासकट. माणिकबाईनं पिशवीत हात घातला आणि कागद बाजूला सारून फडक्याची गुंडाळी काढली.

"मीनं याले पाहिजे होतं, गोदामाय," ती म्हणाली. "चुकलंच माह्यं."

"मंग!" गोदाबाई म्हणाली, आणि पदरानं डोळे पुसू लागली.

धर्मेंद्रनं भिंतीवरचा फोटो दाखवला. जिनिंगच्या ओळखपत्रावरचाच थोडा मोठा केलेला, तळहाताएवढा. त्यावर प्लास्टिकची फुलं होती. माणिकबाईनं ती उतरवली, फडकं सोडलं आणि हार दोन्ही हातांनी उचलला.

हार बराच लांब होता. फोटोला अडकवल्यावर फोटो दिसेनासा झाला आणि हार भिंतीवरून खाली उतरत पत्र्याच्या पेटीपर्यंत आला.

"काकू, लय मोठा झाला," धर्मेंद्र म्हणाला. "कैची देऊ? का दोन पदर करता?"

"राहू दे," माणिकबाई म्हणाली. "फोटोचा नाही तो."

हाराचा खालचा गोंडा पेटीच्या कडेवर वाकडा टेकला होता. तिनं तो उचलला, फिरवून समोर आणला आणि छातीवर बसवावा तसा सरळ केला.