दहा सेंटिमीटर

“एवढं,” म्हणत रुद्रप्पांनी टेबलावर पंजा आडवा ठेवला. “दहा सेंटिमीटर म्हंजे एवढंच की हो, डॉक्टर. पण तेवढ्यात माणूस वाचतंय.”

डॉ. अक्षतांनी त्या पंजाकडं पाहिलं आणि समोरची दोन कोटेशनं पुन्हा सरळ केली. हॉस्पिटलचं जुनं एमआरआय मशीन सतरा वर्षं राबून थकलं होतं. गेल्या उन्हाळ्यात महिन्यातून चारदा बंद पडलं आणि टेंभुर्णीपासून आलेले पेशंट आल्या पावली परत गेले. आज नवं ठरवायचं होतं. एक मशीन ताकदीचं, तीन टेस्लाचं, पण त्याचा बोगदा जुन्याइतकाच अरुंद. दुसऱ्याची ताकद निम्मी, म्हणजे जुन्याइतकीच, बोगदा मात्र दहा सेंटिमीटर रुंद.

“झटके येणारी लहान मुलं आपल्याकडं किती येतात, तुम्ही बघता,” अक्षता म्हणाल्या. “मेंदूतला तांदळाच्या कणीएवढा डाग जुन्या मशीनला दिसत नाही. आपण नॉर्मल म्हणून रिपोर्ट देतो आणि मूल झटके घेत राहतं. ताकद तीच ठेवली तर पुढची पंधरा वर्षंही असंच चालणार.”

“आणि भिऊन पळून जाणाऱ्याचं काय? आमची तंगी गेली, तसं?”

तंगी म्हणजे धाकटी बहीण, बसम्मा. रुद्रप्पांना मराठी-कन्नड दोन्ही सारख्याच, पण बहिणीचा विषय निघाला की जीभ कन्नडकडं वळायची. अकरा वर्षांपूर्वी सारखं डोकं दुखतं म्हणून बसम्मा याच मशीनवर तपासणीला आली आणि न तपासताच निघून गेली. सात महिन्यांनी पुण्यात गाठ सापडली, तेव्हा ती काढण्याच्या पलीकडं गेली होती. तेव्हापासून रुद्रप्पांना एकच ध्यास होता, या हॉस्पिटलात मोठ्या तोंडाचं मशीन आणायचं. ट्रस्टचे अध्यक्षही ते त्यासाठीच झाले, असं लोक म्हणत. लोकांचं खरं होतं.

“दाजी, तुमीच सांगा की ह्यांना,” रुद्रप्पा टेबलाच्या टोकाकडं वळले. “तुमच्यापरास जास्त कोण सांगणार?”

तिथं महिपती बसला होता. सतरा वर्षं तेच मशीन चालवणारा टेक्निशियन, आणि बसम्माचा नवरा.

दिव्याखाली अंधार म्हणतात, तशी ही गोष्ट झाली होती. एमआरआयवाल्याची बायकोच एमआरआयला भ्याली, हे गावानं बरेच दिवस चघळलं. महिपतीनं ते कधी खोडलं नाही. भीती बायकोची, बोगदा मशीनचा, त्याच्या वाट्याला फक्त लोकांची कीव येत होती. कीव सोसायला सोपी असते. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून त्यानं ती अकरा वर्षं उघडली नव्हती. मूलबाळ नव्हतं. बसम्मा गेल्यावर दोन वेळचा डबा रुद्रप्पांच्या घरून यायचा, सणाला पाट तिथंच मांडलेला असायचा. आपलं म्हणावं असं तेवढं एकच घर त्याला उरलं होतं. आत्ता नुसतं ‘रुंद घ्या’ म्हटलं की सगळं जसंच्या तसं राहणार होतं.

“डॉक्टरबाईंचं मशीन घ्या,” महिपती म्हणाला.

रुद्रप्पांना आधी नीट कळलंच नाही. “काय म्हणताय, दाजी?”

“बसम्मा बोगद्याला भ्याली न्हवती.”

“मग गेली कशाला?”

महिपतीनं पाण्याचा ग्लास जवळ ओढला, पण तो प्यायला नाही. “त्या दिवशी गर्दी लई होती. बाहेर आठ जण बसलेले. मी तिला म्हणलो, अंगावरचं समदं काढ. तिनं बांगड्या काढल्या, जोडवी काढली, मंगळसूत्र काढलं. गळ्यातलं लिंग काढंना.”

रुद्रप्पांचा हात नकळत सदऱ्यावरून छातीशी गेला. लिंगायत दीक्षेच्या दिवशी गळ्यात आलेलं इष्टलिंग त्यांच्याही अंगावर होतं, चांदीच्या डबीत. ते जितेपणी अंगावेगळं करायचं नसतं, हे त्या खोलीत महिपतीला कुणी शिकवायला नको होतं. फक्त त्यानं स्वतःचं लिंग नोकरी लागली त्याच वर्षी देव्हाऱ्यात नेऊन ठेवलं होतं. रोज शंभर वेळा ‘धातू काढा, धातू काढा’ म्हणता म्हणता त्याच्या लेखी तेही धातूच झालं होतं.

“काय म्हणली ती?” रुद्रप्पांनी विचारलं.

“म्हणली, लिंगाबिगर मी आडवी कशी पडू? मेलेलं माणूससुद्धा ते संगट घिऊन जातंय की.” महिपतीनं ग्लास बाजूला सरकवला. “कंपाउंडर हसायला लागले. मला लाज वाटली. माझीच बायको रांग अडवून बसलीया म्हणून. मी हात घालून काढलं आणि डबीसकट ट्रेमधी टाकलं. बांगड्यांवर वाजलं ते.”

रुद्रप्पांचा हात छातीवरच होता.

“तिनं ते उचललं, पदरात धरलं आणि गेली. बोगदा तिनं बघितलाच न्हाय.”

“दुसरा काही इलाज न्हवता?” रुद्रप्पा म्हणाले.

“व्हता की. लिंग दगडाचं असतंय. चांदीची डबी तेवढी बाजूला ठिवायची, लिंग फडक्यात बांधून गळ्यात घालू द्यायचं. मला म्हाईत व्हतं ते. नंतर कितीक जणींना तसंच बांधून दिलं म्या. तिला न्हाय दिलं.”

रुद्रप्पांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. अकरा वर्षं ज्या बोगद्याला त्यांनी शिव्या घातल्या, त्याचा काही दोष नव्हता. त्यांनी डॉक्टरांचं कोटेशन पुढं ओढलं आणि सही केली. मग उठले.

“मला तितं न्या.”

दुपारची वेळ होती, मशीन रिकामं होतं. दोघं कॉरिडॉरमधून चालत गेले. दारापाशी आल्यावर महिपती थांबला. नियम सांगायचं त्याचं काम होतं, पण त्यानं नुसतं दार उघडून धरलं.

रुद्रप्पांनीच घड्याळ काढलं, चष्मा, मोबाइल, कमरेचा पट्टा काढला. सदऱ्याची बटणं सोडून डबी बाहेर घेतली. लिंग हातावर घेऊन कपाळाला लावलं, खांद्यावरच्या उपरण्याच्या टोकात गुंडाळून गाठ मारली आणि ते गळ्याभोवती बांधलं. महिपतीनं मदतीला हात पुढं केला, तो त्यांनी घेतला नाही. रिकामी डबी तेवढी त्या हातात ठेवली आणि ते एकटेच आत गेले.

काचेतून महिपतीला दिसलं, रुद्रप्पा मशीनच्या फळीवर बसले, मग सावकाश आडवे झाले. डोळे उघडे होते. एक हात गळ्याशी होता.

डबीला अजून अंगाची ऊब होती. ती कुठं ठेवावी ते महिपतीला कळेना. ट्रे शेजारीच होता, त्याच्याकडं हात जाईना. ते बाहेर येईपर्यंत तो डबी दोन्ही हातांत धरून उभा राहिला.