बाहेर ठेवा आणि विसरा

तिसऱ्या वर्षीही भर थंडीत कोंब वर आले, तेव्हा काउंटरबाईने कपाळावर हात मारून घेतला.

कोंब आले म्हणून कपाळ बडवून घेणारी बाई जगात ही एकटीच असेल. पण तिचं काय चुकलं होतं, तुम्हीच सांगा. मागच्या दाराच्या पायरीवर पाण्याचे सात रिकामे कॅन ओळीने मांडलेले होते. पाच-पाच लिटरचे, प्लास्टिकचे. मधोमध कापून, एका बाजूला बिजागरीपुरतं जोडलेलं ठेवून, तळाला तापलेल्या खिळ्याने भोकं पाडून, माती भरून, बी पेरून, पुन्हा चिकटपट्टीने बंद केलेले. पाऊस आणि बर्फ आत जावा म्हणून वरची बुचं काढून टाकलेली. आठवा पायरीवर मावेना, म्हणून तो तिने स्टुलावर चढून शेडच्या पत्र्यावर ठेवला होता. रोपवाटिकेवाल्याने हा सगळा खटाटोप शिकवताना तीनतीनदा बजावलं होतं, की या फुलांच्या बियांना कडक थंडी लागते. पुरती थंडी मिळाली की वसंतात आपोआप उठतात. "बाहेर ठेवा आणि विसरा," तो म्हणाला होता.

"मग या आत्ताच कशा उठल्या?" ती त्याच्या दुकानात जाऊन कडाडली.

"ऊब लागल्याशिवाय नाही उठायच्या, बाई."

"कसली ऊब? त्या पायरीवर दोन मिनिटं उभं राहिलं तर माझी बोटं बधिर होतात!"

रोपवाटिकेवाल्याने खांदे उडवले. "मग बी जुनं झालं असेल."

हे तिच्या फार वर्मी लागलं. कारण बी आईचं होतं. आईच्या अंगणात दरवर्षी कमरेएवढे निळे तुरे यायचे. त्यांचं खरं नाव कोणालाच माहीत नव्हतं, घरात सगळे 'आईची निळी' म्हणायचे. आई गेली, घर विकलं, घेणाऱ्याने अंगणात फरशी घातली. सामानाच्या वाटण्या झाल्या तेव्हा ताईने भांडी, कपाट, शिवणयंत्र, सगळं नेलं. हिने मागितला तो फक्त बियांचा पत्र्याचा डबा. पहिल्या वर्षी त्यातलं अर्धं बी गेलं, दुसऱ्या वर्षी उरलेल्यातलं अर्धं. या वर्षी डबा उलटा करून, बुडावर थापट्या मारून, होतं नव्हतं ते सगळं तिने आठ कॅनमध्ये पेरून टाकलं होतं. आता हे गेलं की आईची निळी संपली. पुन्हा मागायला कोणाकडे जाणार?

ताईकडे तर नाहीच. ताई तीन वर्षं बोलत नव्हती. भांडण झालं आईच्या ब्लँकेटवरून. हिरव्या चौकड्यांचं, लोकरीचं, आई थंडीत त्याच्याशिवाय झोपत नसे. आई हॉस्पिटलमध्ये असताना ते ऐन वेळी सापडलंच नाही, आणि वाटण्यांच्या दिवशी चार लोकांदेखत ही बोलून गेली, "तूच नेलं असशील, बाकी सगळं नेलंस तसं." ताईचा चेहरा उतरला होता. "आईच्या अंगावरचं पांघरूण नेईन मी?" एवढं म्हणून ती उठून गेली, ती गेलीच.

हे सगळं मनात घेऊन काउंटरबाई दिवसभर दाताच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात काउंटरवर बसायची आणि दहा मिनिटं उशिरा येणाऱ्या पेशंटला असं काही झापायची, की तो आधीच सुजलेला गाल धरून मुकाट बसे. घरी येऊन तिचा दुसरा अंक सुरू व्हायचा. "कुठून लागते हो ऊब? भिंतीतून? जमिनीतून? कोणी मेलं रात्री शेकोटी तर पेटवत नाही ना?"

नवरा मूग गिळून बसायचा. चौतीस वर्षं पहाटेच्या पहिल्या बसवर ड्रायव्हर होता, त्यामुळे निवृत्त झाला तरी साडेचारला डोळा उघडायचाच. स्वभावाने गरीब, गुडघ्याने अधू, आणि वेळेला इतका पक्का की त्याच्या बसवरून लोक घड्याळं लावत. बायको ओरडायला लागली की तो चहाच्या कपात बघत बसे. ती रात्री नऊला अंथरुणाला पाठ टेकायची ती सातपर्यंत कूस बदलत नसे, एवढीच काय ती त्याला शांतता.

त्या दिवशी मात्र पाचलाच तिची दाढ ठणकायला लागली. दाताच्या दवाखान्यातल्या बाईला दाढदुखी! कोणाला सांगायची सोय नाही. गाल धरून, चडफडत, मिठाच्या पाण्याने गुळण्या करायला ती स्वयंपाकघरात आली आणि दारातच थबकली.

हीटर चालू होता. हीटरसमोर कॅन गोल मांडलेले. नवरा त्यातले दोन काखेत मारून मागच्या दाराकडे निघाला होता. आणि उरलेल्या पाचांवर, कडेने नीट खोचून घातलेलं, हिरव्या चौकड्यांचं ब्लँकेट.

दाढेचं दुखणं कुठल्या कुठे पळालं.

"हे काय आहे?"

नवऱ्याने कॅन खाली ठेवले. "हळू बोल. दाढ दुखतेय का?"

"दाढ गेली खड्ड्यात! हे काय आहे?"

"रात्री फार गारठा पडतो गं," तो म्हणाला. "तू झोपलीस की आत आणतो. सकाळी परत ठेवतो."

"कधीपासून?"

"पहिल्या वर्षापासूनच. मागच्या वर्षी कोंब मेले ना, तेव्हा मला वाटलं थंडीनेच मेले. म्हणून यंदा हीटरपण लावला."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हीटरपण लावला! तीन वर्षं ही जिवाचा आटापिटा करतेय, रोपवाटिकेवाल्याचं डोकं खातेय, भिंतींवर संशय घेतेय, आणि हा बाबा रोज रात्री बियांना शेक देतोय! उठवतोय, आणि पहाटे नेऊन बर्फात उभ्या करतोय!

"आणि हे?" तिने ब्लँकेटचं टोक मुठीत धरलं. "तुम्हीच म्हणाला होतात ना, आईच्या घरी सापडलं नाही म्हणून?"

तो खुर्चीवर बसला. गुडघा चोळत बोलू लागला.

"तू हॉस्पिटलमधून फोन केलास, आईंना हुडहुडी भरलीय, ब्लँकेट घेऊन या. माझी ड्युटी तेव्हाच संपली होती. पण बदली माणूस आला नव्हता. स्टॉपवर माणसं ताटकळत होती. म्हटलं, एक फेरी मारतो आणि निघतो. एकच फेरी. मग आईंच्या घरी गेलो, ब्लँकेट घेतलं, आलो. जिना चढतोय तर वरून तू येत होतीस. तुझं तोंड बघूनच कळलं मला. तसाच मागे फिरलो. तू विचारलंस तेव्हा तोंडातून निघून गेलं, सापडलं नाही म्हणून. नंतर खरं सांगायची हिंमत नाही झाली. आणि मग तू हे कॅन बाहेर ठेवलेस. आईंचं बी. बाहेर एवढी थंडी. मला झोपच येईना."

दुसरी कोणी असती तर तिथेच विरघळली असती. काउंटरबाई विरघळली नाही. तिला रडू आलं, आणि रडू आलं याचाच आणखी संताप आला. "चार लोकांत मी माझ्या सख्ख्या बहिणीला चोर ठरवलं! तुम्ही समोर बसून चहा पीत होतात! एक शब्द बोलवला नाही तुम्हाला?"

"नाही बोलवला," तो म्हणाला.

चार दिवस घरात कोणी कोणाशी बोललं नाही. सात कॅन तिने खिडकीत, उजेडात ठेवून पाहिले. कोंब दोऱ्यासारखे लांबले, आडवे झाले आणि एकेक करून गेले. शेवटचा कॅन रिकामा करताना तिला एकदम आठवण झाली. सात. तिने पेरले होते आठ.

पत्र्यावरच्या कॅनकडे तिने यंदा लक्षच दिलं नव्हतं. सातात निदान कोंब तरी आले, त्या आठव्यात काही म्हणता काही नाही, नुसता दगडासारखा गोठलेला, तेव्हा तो वायाच गेला असं धरून चालली होती. आता डोक्यात उजेड पडला. नवऱ्याच्या गुडघ्याला स्टूल झेपत नाही. त्या कॅनला त्याचा हात लागलाच नव्हता! आईची निळी आता कुठे असलीच तर त्या एका कॅनमध्ये होती.

आणि नेमका त्याच आठवड्यात थंडीने कहर केला. पिंप फुटलं, नळ फुटला, दवाखान्यात निम्मे पेशंट फिरकले नाहीत. संध्याकाळी ती घरी आली तेव्हा वारा नुसता चावत होता. पत्र्यावर तो एवढासा कॅन, वर बोटभर बर्फ. पर्स तशीच खांद्याला ठेवून ती स्टूल आणायला आत गेली.

स्टूल मागच्या दाराला लावलेलं होतं आणि त्यावर नवरा बसला होता, ब्लँकेट पांघरून.

"उठा," ती म्हणाली.

"नाही उठणार."

"मला फक्त बघायचंय."

"मीही पहिल्या रात्री फक्त बघायलाच गेलो होतो."

तोंडाशी आलेलं बोलणं तिने गिळलं. मग पर्स ठेवली, त्याच्याशेजारी जमिनीवर बसली, आणि त्याने अर्धं ब्लँकेट तिच्या अंगावर टाकलं. वाऱ्याने पत्रा वाजला की दोघंही दचकायची. असे दोन महिने काढले त्यांनी. दोन महिने! काउंटरबाईला विचाराल तर दोन वर्षं. कधी ती उठायला बघायची आणि हा हात धरायचा, कधी हा उठायला बघायचा आणि ती डोळे वटारायची.

नळाचं पाणी हाताला सोसवायला लागलं तेव्हा एका रविवारी सकाळी ती स्टुलावर चढली. नवऱ्याने खालून दोन्ही हातांनी स्टूल धरलं. चिकटपट्टी काढायला तिच्या बोटांना काही केल्या जमेना. "मेली ही पट्टी! कोणी लावली एवढी घट्ट?" तिनेच लावली होती. शेवटी दाताने तोडली आणि कॅन उघडला.

"काय आहे?" त्याने खालून विचारलं. "अगं, बोल ना!"

"अकरा," ती म्हणाली. ठेंगणे, जाडजूड, हिरवेगार अकरा कोंब. तिने पुन्हा मोजले. अकराच.

खाली उतरेपर्यंतही तिला धीर धरवला नाही. तिथूनच तिने ताईला फोन लावला. तिकडून "हॅलो" आल्याबरोबर, दम न घेता, सगळं एकदम सांगून टाकलं. "ताई, ब्लँकेट आमच्याच घरात होतं. ह्यांनी आणलं होतं हॉस्पिटलमध्ये, उशीर झाला, मग घाबरून लपवलं. मी तुला नको ते बोलले. माझं चुकलं. आणि आईची निळी आलीय, अकरा, त्यातले सहा तुझे."

ताईने विचारलं, "शेवटी आईच्या अंगावर पडलं का गं ते?"

तिने खाली पाहिलं. नवऱ्याला फोनमधलं ऐकू आलं असावं. तो मान खाली घालून स्टुलाच्या पायाकडे बघत होता.

"नाही," ती म्हणाली. "नाही पोचलं."

"त्यांना दे फोन."

"त्यांना काही बोलू नकोस, ताई. मी बोलून झालेय सगळं."

"बोलत नाही. सांगायचंय," ताई म्हणाली. "मी सकाळी निघणार होते त्या दिवशी हॉस्पिटलला. घरातलं आवरून दुपारी निघाले. मी तरी कुठे पोचले वेळेवर? तीन वर्षं मी हे कोणाला सांगितलं नाही."

काउंटरबाईने डोळे पुसले आणि फोन खाली धरला. "घ्या. तुमच्याशी बोलायचंय ताईला."

त्याने घाईघाईने दोन्ही हात वर केले.

"अहो!" ती वरून ओरडली. "एका हाताने स्टूल धरा!"