धरणातल्या गाडीची पाटी

रिबिटमामांना गाडी चालवता येत नव्हती. बॉनेटखाली कारखान्याने ठोकलेली नंबराची पाटी खरी की खोटी, एवढंच त्यांना कळायचं. जुन्या गाड्यांच्या हौशी मालकांना गार करायला तेवढं पुरे होतं. पाटी अस्सल, पण ती जागी धरणारे रिबिटचे खिळे नवे निघाले की मामा म्हणायचे, "नाव खरं आहे हो, माणूस दुसराच आहे." मालक एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून निघून जायचा.

या वेळी गॅरेजवाल्याने बोलावलं होतं. आटलेल्या धरणाच्या गाळातून एक गाडी निघाली होती. आत कुणी सापडलं नव्हतं. गाडीपाशी एक बाई उभी होती. तिचा भाऊ बऱ्याच वर्षांपूर्वी वडिलांशी भांडून घरची गाडी घेऊन गेला, तो गेलाच.

"नंबर आमचाच आहे," ती म्हणाली. "पण हे म्हणतात, पाट्या इकडच्या तिकडे होतात."

"सर्रास, ताई! माझ्याच इथे..." मामांनी बघितल्यावर गॅरेजवाल्याने उरलेलं वाक्य गिळलं.

"मामा, पाटी याच गाडीची निघाली तर दादा गेला. आई अजून दाराला कडी घालू देत नाही. नीट बघा."

मामांनी नीट बघितलं. आधी भिंगाने, मग अंगठ्याने. खोट्या पाटीचे आकडे बोटाला टोचतात, असा त्यांचा सिद्धान्त होता. इथे काही टोचलं नाही. रिबिटांवरचा रंग सलग होता. पाटी जन्मापासून जागची हलली नव्हती.

आणि ती गरम होती.

मामांनी अंगठा झटकला. "इंजिन चालू केलं होतंस का रे?"

"कुठलं इंजिन? ते काय कोपऱ्यात पडलंय. गंजून धोंडा झालाय त्याचा."

मामांनी अंगठा पुन्हा टेकला. लांबून, कुठेही न थांबता आलेल्या गाडीला असते तशी धग. आपण आपणच आहोत हे पटवायला जिवंत माणसाला किती खेटे घालावे लागतात. मेलेल्यांनाही त्यातून सूट नसावी, असं काहीतरी त्यांच्या मनात आलं आणि त्यांनी ते घाईने घालवलं.

"मामा?" ताई बॉनेटवर वाकली.

मामांनी आयुष्यात खोट्याला खरं म्हटलं नव्हतं. खऱ्याला खोटं म्हणू नये, असं मात्र त्यांना कुणी बजावलं नव्हतं.

"खोटी," ते म्हणाले. "दुसऱ्या गाडीची काढून इथे ठोकलीय."

ताई आधी रडली, मग हसली. "म्हणजे आहे तो कुठेतरी! आईला सांगते." ती जवळजवळ पळतच बाहेर पडली.

"झालं! आता ही भंगारात," गॅरेजवाला करवादला आणि चहा सांगायला आत गेला.

ड्रायव्हरच्या बाजूची काच गाळाने बरबटलेली होती. मामांच्या देखत ती आतून पुसली गेली. हाताच्या पंज्याएवढीच, आणि नेमकी रस्त्याच्या बाजूला.

मामांनी ताईला हाक मारायला तोंड उघडलं. आवाज फुटला तो हॉर्नचा. एकदाच, घोगरा, पाणी प्यायलेला.

ताई कोपऱ्यावर वळली. निरोपाचा हॉर्न मामांनीच वाजवला असं समजून तिने आनंदाने हात हलवला, आणि ती दिसेनाशी झाली.