न लागलेली सही

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पेटी. अंगावरची पत्र्याची नक्षी गंजली आहे, बिजागऱ्या मात्र शाबूत आहेत. बिश्केक शहरापासून लांब, डोंगरातल्या कोचकोर गावातल्या झूराकान आपांच्या लग्नात मी त्यांच्या माहेराहून आले. आमच्याकडे आईला, वडीलधाऱ्या बाईला आपा म्हणतात. आमच्याकडे पेटीवर गाद्या-रजया रचतात. चळत जितकी उंच, तितकी घरच्या बाईची ऐट. माझ्यावरची चळत छताला टेकायची. शेजारणी मान वर करून म्हणायच्या, "अगं बाई, एवढ्या शिवल्यास कधी?" तेव्हा मला फार बरं वाटायचं. घराचे कागदही माझ्याच पोटात असत.

आपांचे यजमान गेले. थोरले दोघे मुलगे केव्हाच वेगळे राहत होते. आमच्यात आईबापाचं घर धाकट्याचं, आणि आईबापही त्याचेच. धाकटा कुबात तेव्हा तिशीचा होता. घर त्याच्या नावे करायचं ठरलं. आपांचे गुडघे दुखत, म्हणून नोटरीबाई घरीच आल्या. चहा झाला, कणकेचे तळलेले बोरसोक झाले. बक्षीसपत्र वाचताना बाई मध्येच थांबल्या.

"आपा, एक ओळ घालू का? मी मरेपर्यंत याच घरात राहीन, आणि मला विचारल्याशिवाय घर विकायचं नाही."

"पोटच्या पोराकडून लिहून घेऊ? लोक तोंडात शेण घालतील माझ्या!"

"लोक नंतर सोडवायला येत नाहीत हो."

"शिकलीस म्हणून असं बोलतेस. चहा पी आधी, गार होतोय."

कुबात खाली बघत बसला होता. आपांनी सही केली. मलाही वाटलं, बरोबरच केलं. मीही याच गावची ना.

नऊ वर्षं गेली. कुबात वाईट नव्हता हो. आईचं सरपण फोडायचा, औषधं आणायचा. पण त्याच्या बायकोला मुलांसाठी बिश्केकची शाळा हवी होती. एके दिवशी जेवताना तो म्हणाला,

"आपा, घराला गिऱ्हाईक आलंय."

"कुणाच्या घराला?"

"आपल्याच. शहरात आठव्या मजल्यावर जागा बघितलीय. लिफ्ट आहे, तुला चढायला नको."

आपांनी ताटं गोळा केली. घरात कुणी नसलं की मात्र माझ्यावर हात ठेवून पुटपुटायच्या, "सहीला बोलावतील ना, तेव्हा तोंडावर सांगेन. नाही म्हणजे नाही." तीन दिवस त्या पांढरा रुमाल डोक्याला बांधून, ओळख पटवायला लागणारा पासपोर्ट मांडीवर घेऊन माझ्याशेजारी बसल्या. चौथ्या दिवशी कुबात एका परक्या माणसाला घेऊन आला. तो माणूस टेपनं भिंती मोजू लागला.

"काय रे, सहीला कधी जायचं?"

"आपा... ते सोमवारीच झालं. तुझी सही लागत नव्हती."

आपांनी रुमाल सोडला, घडी घातली. त्या रडल्या नाहीत. मलाही काही वाटलं नाही. वाटायचं बंद झालं होतं. गाद्या एकेक करून उतरवल्या गेल्या. आपांना शहरात नेलं, पण मी लिफ्टमध्ये मावणार नव्हते. आता माझ्यात नव्या मालकाचे बटाटे असतात.

मित्रांनो, तुमच्या घरातलं म्हातारं माणूस एक दिवस तुमच्या नावे घर करायला बसेल. त्या ओळीची त्याला लाज वाटेल. तेव्हा खाली बघत बसू नका. ती ओळ घाला म्हणून तुम्हीच सांगा.