मेल्यावरचं हसू

सुडलैमुत्तू मरण्यात इतका तरबेज होता, की तो दुपारी नुसता डुलकी काढायला आडवा झाला तरी मद्रासच्या कोडंबाक्कममधले, म्हणजे सिनेमावाल्यांच्या वस्तीतले, कावळे पिंडाच्या आशेनं कौलावर येऊन बसायचे. हिरोचा बाप व्हायचं आणि मध्यंतराच्या आत मरायचं, हा त्याचा धंदा. विष, सुरा, मोटार, म्हणाल त्यानं मरायचा. तो मेल्याशिवाय हिरोला राग येत नसे आणि हिरोला राग आल्याशिवाय सिनेमा पुढं सरकत नसे.

घरी मात्र हे बोलायची सोय नव्हती. लग्नाआधी पेच्चियम्माळनं त्याच्याकडं एकच गोष्ट मागितली होती. "पोटासाठी पडद्यावर काय वाट्टेल ते करा. मार खा, दरोडे घाला. पण तिरडीवर झोपू नका. माझ्या आईचं पांढरं कपाळ बघत मी वाढलेय. मला ते खोटं खोटंसुद्धा नको."

सुडलैमुत्तूनं देवीपुढं पेटता कापूर तळहातानं विझवून शपथ घेतली. आमच्या तिरुनेलवेलीकडं याच्यापेक्षा मोठी शपथ नाही. कोर्टात दिवसभर खोटं बोलणारा माणूससुद्धा कापूर पुढं आला की हात खिशात घालतो.

पहिलं मरण त्यानं नाइलाजानं पत्करलं. पुढची सवयीनं. बायकोला सांगायचा, "यात जज्ज आहे." "यात गावचा पुढारी आहे." तिनं थिएटरची पायरी चढू नये म्हणून त्यानं मद्रासच्या ढेकणांची धास्ती घातली होती. एका बाईची मोरणी नाकातून काढून ढेकणांनी म्हणे पडद्यामागं नेली. पेच्चियम्माळ ऐकून घ्यायची आणि रसम वाढायची. मरून आलेल्या दिवशी तो मान वर करून जेवत नसे. वर पाहिलं की तिच्या गळ्यातली ताली, म्हणजे मंगळसूत्र, दिसायची.

अशी बरीच वर्षं निभली. मग सासुरवाडीच्या अम्मन देवीची जत्रा आली. मेव्हण्यानं, इसक्कीपांडीनं, देवळापुढं दोन ताडांच्या मधे पांढरं कापड ताणलं आणि जावयाचा सिनेमा लावायचं ठरवलं. सुडलैमुत्तूनं बजावून सांगितलं होतं, पोस्टमास्तरचा आण. त्यात तो शेवटपर्यंत जिवंत राहून लग्नात लाडू खातो.

"दाजी, ती पेटी नाही मिळाली," इसक्कीपांडी म्हणाला. "पण ही बघा! यात तुम्ही काय मरता! आमचा म्हातारा बैल बघेल तर तोही रडेल."

"अरे, बदल ती!"

"रीळ चढलंय. या, हार घालून घ्या."

नवराबायकोला सगळ्यांच्या पुढं खुर्च्या होत्या. पेच्चियम्माळच्या ओच्यात भाजलेल्या शेंगा.

"चल, घरी जाऊ. पोटात दुखतंय," तो कुजबुजला.

"बसा. लोक काय म्हणतील?"

थोड्या वेळात पडद्यावर सुडलैमुत्तू कोसळला. तिरडी आली, नाकात कापूस आला. मागं बसलेल्या गावातल्या बायकांनी छाती पिटत सूर धरला. माणसं एकदा पडद्याकडं बघत, एकदा खुर्चीकडं, आणि मग पेच्चियम्माळच्या गळ्याकडं. सुडलैमुत्तूनं पायाच्या अंगठ्यावर नजर रोवली.

"आता पांढऱ्या साडीतली येईल," पेच्चियम्माळ शेंग फोडत म्हणाली. "डाव्या हाताकडं बघा. बांगड्या फोडते, त्यात एक तशीच राहते."

तो तिच्याकडं वळला. "तू बघितलायस?"

"सगळे बघितलेत. बुधवारी दुपारी, समोरच्या शिंपिणीबरोबर. तुमच्या ढेकणांना भिते होय मी?"

"मग कधी बोलली का नाहीस?"

"मी का बोलू? कापूर तुम्ही विझवला होता. तुम्ही कधी बोलताय, बघत होते."

यापेक्षा पडद्यावरच्या तिरडीवर जाऊन पडावं, असं त्याला वाटलं.

"आपल्या गल्लीतले मेकअपवाले अण्णा सांगत होते," ती म्हणाली, "की मढ्याला उठून हसावं लागतं."

खरंच तशी रीत आहे. मरणाचा शॉट संपला की मढं उठतं आणि कॅमेऱ्यात बघून हसतं, म्हणजे यमाला कळतं की ही थट्टा होती. मग दृष्ट काढायला कोहळा फोडतात. ते हसू सिनेमात मात्र कुणी ठेवत नाही.

"दिवे लागेपर्यंत बसून राहायची मी. वाटायचं, शेवटी तरी तुमचं हसू दाखवतील." तिनं शेंगेचं टरफल झटकलं. "दर वेळी हसलात ना?"

हो म्हणायला काय जात होतं? एवढं खोटं बोलला, त्यात आणखी एक. पण जीभ वळेना.

"हसलो. यातच नाही हसलो."

"का?"

"त्या दिवशी बसायला खुर्ची दिली नव्हती. रागानं मढ्याचा हार भिरकावला आणि निघून आलो."

तिच्या हातातली शेंग तशीच राहिली. "खुर्चीसाठी?" आणि पडद्याकडं मान वळवून, "म्हणजे यमाच्या लेखी हे मढं अजून पडलेलंच आहे."

सुडलैमुत्तूनं पडद्यावरच्या मढ्याकडं पाहिलं.

"हसा."

"इथं?"

"चिता पेटायच्या आत."

पहिलं हसू खोकल्यासारखं निघालं.

"मोठ्यानं. यमाचं वय झालंय."

सुडलैमुत्तू मोठ्यानं हसला. रडणाऱ्या बायकांचा सूर तुटला. इसक्कीपांडी मशीन सोडून धावत आला.

"दाजी! सगळं गाव तुमच्यासाठी रडतंय आणि तुम्ही हसताय? लाज नाही वाटत?"

"वाटते रे," सुडलैमुत्तू म्हणाला, आणि हसत राहिला. कान तापले, डोळ्यांतून पाणी गळायला लागलं, तरी थांबता येईना. पेच्चियम्माळनं ताली मुठीत धरली होती आणि मूठ अजून सुटली नव्हती. पडद्यावर चिता भडकली, मग कुठं तिनं हात खाली घेतला. तिनं शेंगा मागच्या पोरींना वाटून टाकल्या. उरलेल्या सिनेमाभर ती त्याच्याशी बोलली नाही.

सकाळी देवळात त्यानं ताटलीत कापूर ठेवून पेटवला आणि वर तळहात धरला. "आता पुन्हा कधी मी..."

पेच्चियम्माळनं ताटली त्याच्या हाताखालून ओढली आणि देवीला ओवाळली.

"कापूर देवीसाठी आणलाय," ती म्हणाली. "तुमच्यासाठी नाही."

तो तसाच उभा राहिला, पसरलेला हात कुठं न्यावा ते न कळून. पुजाऱ्याला वाटलं, जावईबापू अंगारा मागतायत. त्यानं चिमूटभर राख त्या तळहातावर टाकली आणि तो पुढच्या माणसाकडं वळला.